नेरूळच्या दुकानातला ड्राय रॉक: दगड चांगला, सोबतचा कागद मात्र बदला

जूनच्या दुसऱ्या शनिवारी या दुकानातून १६ किलो ड्राय रॉक, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयात रचायचा कोरडा सच्छिद्र दगड घेतला. ४५० रुपये किलो, एकूण ७,२०० रुपये. आज दिवाळीचा पाडवा. एवढे महिने थांबून लिहितेय, कारण खाऱ्या पाण्याच्या टाकीतला दगड कसा निघाला हे आठवड्याभरात सांगताच येत नाही. चार स्टार देते. पाचवा का नाही, ते खाली सविस्तर लिहिलं आहे.

पण आधी एक काम करा. तुम्ही जूनच्या आसपास किंवा त्याआधी इथून दगड घेतला असेल, तर खोक्यात एक पिवळा छापील कागद मिळाला असेल. त्यात लिहिलंय की साफ करायला दगड रात्रभर ब्लीचच्या पाण्यात ठेवा, सकाळी पाणी बदला आणि त्याच बादलीत अ‍ॅसिड टाका. तसं करू नका. कागद फाडून टाका. ब्लीच आणि अ‍ॅसिड एकत्र आले की क्लोरीन वायू तयार होतो, आणि नुसतं पाणी बदलल्याने हा धोका जात नाही. मी रबाळ्याला एका औषध कंपनीच्या क्यूसी (गुणवत्ता तपासणी) लॅबमध्ये २२ वर्षं काम करतेय, त्यामुळे तो कागद वाचताना हातातला चहाचा कप खाली ठेवला.

आता दगडाबद्दल.

गोड्या पाण्याची टाकी आमच्याकडे नऊ वर्षं होती. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात मालवणला गेलो, लेकीबरोबर पहिल्यांदा स्नॉर्केलिंग केलं. किल्ल्याजवळच्या पाण्यात खडकावर चिकटलेले प्रवाळ, त्यातून ये-जा करणारे मासे. बोटीत परत चढले तेव्हा मी आणि ती दोघीही काही बोलत नव्हतो. तेव्हाच ठरलं की घरी खाऱ्या पाण्याची टाकी करायची, सावकाश आणि नीट. तीन फूट बाय दीड बाय दीड अशी काच करून घेतली. दगड आणि वाळू गेल्यावर पाणी साधारण १५० लिटर बसतं.

खाऱ्या टाकीत दगड शोभेसाठी नसतो, तोच खरा फिल्टर. त्याच्या भोकाभोकांत जिवाणू वस्ती करतात. माशांच्या विष्ठेतून येणाऱ्या अमोनियाचं ते आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. म्हणून दगड जितका सच्छिद्र तितका चांगला. समुद्रातून जिवंत काढलेल्या दगडाला लाइव्ह रॉक म्हणतात, त्यात हे जिवाणू आधीपासूनच असतात. ठाण्यात एका ठिकाणी मला ‘ओरिजिनल समुद्राचा’ दगड स्वस्तात देऊ केला होता. मी नको म्हटलं. आपल्याकडे २००१ पासून प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघ ज्या यादीत आहे त्याच यादीत. मेलेला तुकडासुद्धा विकायला बंदी आहे. आणि कायदा नसता तरी मालवणला जे डोळ्यांनी पाहिलं, ते कुणीतरी पहारीने फोडून आपल्या दिवाणखान्यात आणावं हे मला सहन झालं नसतं.

या दुकानात जो दगड आहे तो कोरडा, खाणीतला. खोक्यावर फ्लोरिडाचं नाव आहे. तिथे सुमारे सव्वा लाख वर्षांपूर्वी समुद्र आजच्यापेक्षा उंच होता, तेव्हाचे प्रवाळ आता जमिनीवर चुनखडक होऊन पडले आहेत. तो खणून काढल्याने आजच्या कुठल्याही प्रवाळाला धक्का लागत नाही. शिवाय कोरड्या दगडातून नको ते पाहुणेही येत नाहीत. लाइव्ह रॉकबरोबर अ‍ॅप्टेशिया नावाचं एक समुद्रफूल येतं, ते एकदा पसरलं की काढता काढता नाकी नऊ येतात. त्याची काळजी इथे नाही. याची किंमत एकच: वेळ.

निवडीच्या वेळी दुकानदाराने दाखवलेला धीर मला फार आवडला. वयाने माझ्यापेक्षा बराच लहान, पण घाई अजिबात नाही. खोकी उघडून जमिनीवर पोत्यावर दगड मांडले आणि म्हणाला, “ताई, हातात घेऊन बघा. आकाराच्या मानाने हलका लागेल तो घ्या.” मी २० किलो मागत होते. त्यानेच १६ वर थांबवलं, म्हणाला काचेपासून दोन-तीन इंच जागा सुटली नाही तर साफ करायचा चुंबक फिरणार नाही. चार किलोचे अठराशे रुपये सोडून देणारा दुकानदार मला पूर्वी भेटलेला नाही. वजन काटा शून्यावर आणून दाखवलं, बिल छापील दिलं. गाडी लावायला मात्र जागा नाही, शनिवारी संध्याकाळी तर विसरूनच जा. रिक्षाने या.

घरी येऊन सगळे ११ दगड ओट्यावर मांडले, तेव्हा आठ एकसारखे दिसले आणि तीन वेगळे. आठ पिवळसर-पांढरे, भोकांमध्ये मातीची पूड. उरलेल्या तिघांवर फिकट गुलाबी डाग, नळीसारखे छोटे पांढरे शिंपले आणि एका कपारीत वाळून कागद झालेला स्पंज. खाणीत लाख वर्षं पडलेल्या दगडावर स्पंज कुठून येणार? हे कुणाच्यातरी मोडलेल्या टाकीतले दगड होते. वजन केलं तर तिघांचं ४ किलो १०० ग्रॅम.

मी लगेच फोन केला. तो खोटं बोलला नाही. टाक्या बंद करणारे लोक दगड परत विकतात, तेही त्याच ढिगात जातात, म्हणाला. माझा पहिला प्रश्न तांब्याचा होता. माशांच्या रोगावर तांब्याचं औषध घालतात. ते दगडाच्या पृष्ठभागाला धरून राहतं, पुढे हळूहळू सुटतं आणि कोळंबी, गोगलगाय, प्रवाळ यांना मारतं. तो म्हणाला, त्या टाकीत शेवटच्या दिवसापर्यंत प्रवाळ आणि दोन कोळंब्या जिवंत होत्या, त्याने स्वतः त्या हलवल्या होत्या. मला हे पटलं, कारण तांबं असतं तर कोळंब्या आधी गेल्या असत्या. बदलून देतो असंही म्हणाला. पण त्या तिघांचे आकार सुरेख होते, एक तर नैसर्गिक कमान. मी ठेवून घेतले.

मात्र जुना दगड नव्या दगडात न सांगता मिसळणं चूक आहे, हे त्याला सांगितलं आणि इथेही सांगते. वेगळी टोपली करा, वेगळा भाव लावा. त्या तीन दगडांना जेवढी मेहनत लागली तेवढी बाकी आठांना मिळूनही लागली नाही.

हे मी अंदाजाने म्हणत नाही. दोन बादल्या घेतल्या. एकीत खाणीतले दोन दगड, दुसरीत जुने तीन. दोन्हींत मिठाचं पाणी, ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग मीठ), आणि एकेक छोटा पंप पाणी फिरतं ठेवायला. पाच दिवसांनी फॉस्फेट मोजलं. नमुन्यात मॉलिब्डेटची पूड टाकली की फॉस्फेट असेल तितका निळा रंग चढतो. खाणीतल्या बादलीचं पाणी जवळजवळ रंगहीन, ०.०६ पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग). जुन्या बादलीचं पाणी शाईसारखं, १.४. प्रवाळ ठेवायचे तर ०.१ च्या आत हवं. नाहीतर दगड हिरव्या केसाळ शेवाळाने भरतो. आणि पाणी बदलून प्रश्न सुटत नाही, कारण फॉस्फेट पाण्यात थोडं आणि दगडाच्या चुन्याला चिकटून जास्त असतं. पाणी स्वच्छ केलं की दगड आणखी सोडतो. तीनदा बदललं, तीनदा पुन्हा चढलं.

तर खाणीतल्या दगडांना अ‍ॅसिड लागलंच नाही. दात घासायच्या जुन्या ब्रशने माती काढली, तीन पाण्यांनी धुतले, झालं. त्या पिवळ्या कागदात सगळ्या दगडांना ब्लीच आणि अ‍ॅसिड सांगितलंय, ते मुळातच अनावश्यक आहे.

जुन्या तिघांना दोन्ही लागलं. तिथे त्या कागदातली चूक किती मोठी आहे ते मी तराजूवर बघितलं. एक दगड कोरडा १ किलो ६०० ग्रॅम. पाण्यात रात्रभर ठेवून बाहेर काढला, दहा मिनिटं निथळू दिला, पुन्हा वजन केलं: १ किलो ९४० ग्रॅम. म्हणजे वरून कोरडा वाटणारा दगड पोटात ३४० मिलि पाणी धरून बसला होता. याच हिशेबाने १६ किलो दगड जवळजवळ साडेतीन लिटर धरेल. ते पाणी ब्लीचचं असेल आणि बादलीतलं पाणी बदलून तुम्ही अ‍ॅसिड ओतलंत, तर साडेतीन लिटर ब्लीच दगडाच्या आतच आहे. बाजारातलं ५ टक्क्यांचं ब्लीच दहापट पातळ केलंय आणि रात्रीत काहीच खर्च झालं नाही असं धरलं, तर त्यातून सुमारे पाच लिटर क्लोरीन निघेल. आमच्या बाथरूममध्ये हवा साडेपाच हजार लिटर. म्हणजे ९०० पीपीएम. क्लोरीन १० पीपीएमलाच जिवाला धोकादायक मानतात. निम्मं ब्लीच रात्रीत संपलं असं धरा, तरी दार लावून ओणवं होऊन बादलीत बघणाऱ्या माणसाचं काय होईल?

हा हिशेब मी दुकानदाराला कागदावर लिहून नेऊन दिला.

मी केलं ते असं. पहिल्यांदा ब्लीच, एक भाग ब्लीचला दहा भाग पाणी, सात दिवस, गॅलरीत, झाकण न लावता. स्पंज आणि वाळलेलं सगळं विरघळून गेलं, पाणी चहासारखं झालं. मग साधं पाणी, रोज बदलून तीन दिवस. शेवटच्या पाण्यात अँटिक्लोरचे खडे, म्हणजे सोडियम थायोसल्फेट. इथे नावाचा एक घोटाळा आहे, सांगून ठेवते. मत्स्यालयवाले थायोसल्फेटला ‘हायपो’ म्हणतात, आणि पाण्याच्या टाक्या धुणारे लोक सोडियम हायपोक्लोराइटलाही ‘हायपो’ म्हणतात. एक क्लोरीन मारतं, दुसरं स्वतःच क्लोरीनचं. दुकानात जाऊन नुसतं ‘हायपो द्या’ म्हणू नका, पूर्ण नाव सांगा आणि लेबल वाचा.

नंतर सुकवणं. उन्हात आठवडाभर, असं सगळे सांगतात. पण जून संपत आला होता, आणि नेरूळच्या पावसात ऊन कुठलं? घरात टेबलफॅनसमोर बारा दिवस ठेवले, रोज वजन केलं. सलग तीन दिवस काटा हलला नाही, वासही उरला नाही, तेव्हाच कोरडे मानले. पावसाळ्यात घेणाऱ्यांनी हे बारा दिवस हिशेबात धरा.

अ‍ॅसिडसाठी पाऊस उघडलेला रविवार निवडला आणि सोसायटीची परवानगी घेऊन गच्चीवर गेले. घट्ट हातमोजे, गॉगल, पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट, वारा पाठीमागून. प्लास्टिकच्या बादलीत आधी दहा लिटर पाणी, मग त्यात एक लिटर हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड सावकाश. पाण्यात अ‍ॅसिड, उलट कधीच नाही. दगड सोडल्यावर सोडा वॉटरची बाटली फुटल्यासारखा फेस आला. तो कार्बन डायऑक्साइड, दगडाचा वरचा थर विरघळत असतो आणि त्या थराबरोबर फॉस्फेट जातं. वीस मिनिटांत फेस मंदावला. बाहेर काढले, उरलेल्या पाण्यात फेस थांबेपर्यंत खायचा सोडा टाकला, मगच ओतलं. सुकल्यावर तिघांचं मिळून वजन साडेतीनशे ग्रॅम कमी भरलं. तेवढा दगड गेला, आणि त्याच्याबरोबर कुणाच्यातरी टाकीतली अनेक वर्षांची साचलेली घाण.

पुन्हा फॉस्फेट: ०.३. आणखी तीन पाणी बदल, ०.०८. यावेळी मात्र पुन्हा चढलं नाही.

पाण्याबद्दल थोडक्यात. मोरबे धरणाचं पाणी तसं चांगलं, माझ्या मीटरवर टीडीएस (विरघळलेले क्षार) ७०-८० दाखवतं. पण घरातला आरओ चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळतो, म्हणून त्याचा आकडाही ३० च्या खाली येईना. उरलेले क्षार काढणारा वेगळा डीआय रेझिनचा फिल्टर जोडला आणि शून्य आलं. लॅबमध्ये असं पाणी नळाला येतं, पण कंपनीतून आणायचं नाही हे पहिल्याच दिवशी ठरवलं होतं. एका ओळखीच्यांनी वाशीच्या खाडीतून पाणी आणा असं सुचवलं. ती खाडी फ्लेमिंगोंची आहे, टाकीची नाही. गाळ, सांडपाणी आणि पावसाळ्यात निम्मं गोडं पाणी असतं तिथे.

जुलैच्या शेवटी दगड टाकीत रचले. वाळूच्या आधी, थेट तळाच्या काचेवर, म्हणजे पुढे एखाद्या माशाने वाळू उकरली तरी रचना कोसळत नाही. कमान मधोमध ठेवली. लेकीने चार वेळा मोडून पाचव्यांदा जी मांडणी केली ती अजून तशीच आहे.

आणि मग सायकल, म्हणजे मासे आणण्याआधी दगडात ते जिवाणू वाढवणं. जिवाणूंना खायला अमोनिया हवा, मासा घालून नाही. मी नवसागर वापरला, अमोनियम क्लोराइड. लहानपणी आमच्या दारात कल्हईवाला यायचा, तापलेल्या पातेल्यात नवसागराची चिमूट टाकून कापसाने पुसायचा, तो पांढरा धूर अजून नाकात आहे. त्याच पदार्थाने समुद्र सुरू होईल असं तेव्हा वाटलं नव्हतं. कल्हईचा घेऊ नका मात्र, शुद्ध, प्रयोगशाळेच्या दर्जाचा घ्या. १५० लिटरला २ पीपीएम अमोनियासाठी एक ग्रॅमला जरा कमी, ०.९५ ग्रॅम पुरतो. सोबत जिवाणूंची बाटली. पहिले बारा दिवस काहीच झालं नाही. मग अमोनिया उतरू लागला, नायट्राइट चढलं आणि तिथेच तीन आठवडे अडून बसलं. मध्ये गणपती आले. मखर नेहमी ज्या कोपऱ्यात असतं तिथे टाकी, म्हणून या वर्षी बाप्पा खिडकीशी बसले. आरतीला आलेला प्रत्येक जण विचारायचा, “यात मासे कुठायत?” सासूबाई सांगायच्या, “अजून दगड शिकतोय.” त्यांना सायकल मी कधी समजावली नव्हती, रोजच्या टेस्टच्या वह्या बघून त्यांनीच अर्थ लावला.

सप्टेंबरच्या शेवटी एका रात्री २ पीपीएम अमोनिया घातला, दुसऱ्या रात्री अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. पाणी बदललं आणि दसऱ्यानंतरच्या आठवड्यात दोन छोटे क्लाउनफिश आणले. त्याआधी दगडावर तपकिरी थर आला होता, डायटम नावाच्या सूक्ष्म शेवाळाचा. कोरड्या दगडावर तो येतोच, घाबरून रसायनं ओतू नका. तीन आठवड्यांत तो आपोआप विरळ झाला. उरलेला गोगलगाई खातायत. जांभळा कोरलाइन (दगडावर कवचासारखं चढणारं शेवाळ) अजून कुठेच नाही, त्याला अजून काही महिने लागतील.

आता दुकानाकडे परत. खोक्यावर ‘वापरण्यास तयार’ असा लाल स्टिकर आहे. दगड टाकीत ठेवायला तयार असेल, पण टाकी मासा ठेवायला तयार नसते. हा फरक न कळल्यामुळे लोक तिसऱ्या दिवशी मासे आणतात. काउंटरवर माझ्यासमोर एका शाळकरी मुलाचे वडील विचारत होते, “रविवारी दगड, बुधवारी निमो, चालेल ना?” दुकानदाराने त्यांना चार आठवडे थांबायला सांगितलं हे खरं, पण स्टिकर वेगळंच सांगत होता, आणि दुकानदार समोर नसेल तेव्हा पोरगा स्टिकरच वाचणार.

माझा हिशेबाचा कागद त्याने दोनदा वाचला. वाद घातला नाही. हा मजकूर बाहेरून कुठूनतरी उतरवलेला होता म्हणाला, आणि माझ्यासमोरच उरलेले पिवळे कागद गोळा करून काउंटरखाली टाकले. नवा मजकूर मराठीत मीच लिहून दिला, एक पानभर. ब्लीच आणि अ‍ॅसिड यांच्या दरम्यान दगड पूर्ण सुकला पाहिजे, हे सगळ्यात वर. खाणीच्या दगडाला दोन्हींची गरज नाही, हे त्याच्या खाली. गेल्या आठवड्यात मीठ आणायला गेले तर प्रत्येक खोक्यात तो पांढरा कागद होता. जुन्या दगडांची टोपलीही आता वेगळी आहे, भाव २५० रुपये.

लाल स्टिकर मात्र खोक्यांवर अजून आहेत. छापून आलेले दोन रोल संपायचेत, असं म्हणाला. दादा, ते संपायची वाट बघू नका. ते निघाले की कळवा, मी त्याच दिवशी पाचवा स्टार देते.